पाया घातला, पुढे काय?

तारण विश्वासाने मिळतं, कर्मांनी नाही. पौलाचं रोमकरांस पत्र ज्याने मन लावून वाचलं आहे, त्याला याहून वेगळं काही मानता यायचं नाही आणि मलाही मानायचं नाही. पण या सत्याच्या आडोशाने आपल्या मराठी मंडळ्यांमध्ये भलतीच शिकवण रुजत चालली आहे. विश्वास धरला, पापक्षमेची प्रार्थना केली, बाप्तिस्मा झाला की सगळं झालं; मग उरतं ते आशीर्वाद घेणं, चिन्हं-चमत्कारांची वाट पाहणं आणि सभेत उभं राहून साक्ष देणं. शीलाचा विषय काढला की उत्तर तयार असतं: "तुम्ही पुन्हा नियमशास्त्राकडे निघालात. आपण कृपेखाली आहोत." हे उत्तर मी तरुणांकडून ऐकलं आहे, वडीलधाऱ्यांकडून ऐकलं आहे, उपदेशपीठावरूनही ऐकलं आहे. ते शास्त्राला धरून नाही आणि मंडळीला ते आतून पोखरतं आहे.

या पक्षाचा सगळ्यात भक्कम पुरावा आधी घेऊ. वधस्तंभावरच्या त्या अपराध्याने कोणतं सत्कर्म केलं होतं? बाप्तिस्मा नाही, दानधर्म नाही, तरी त्याच दिवशी सुखलोकात असण्याचं वचन त्याला मिळालं. मान्य. पण लूकने त्याचं बोलणं नोंदवलं आहे, ते नीट वाचावं. येशूची निंदा करणाऱ्या आपल्या सोबत्याला तो दटावतो. आपल्याला झालेली शिक्षा रास्त आहे असं कबूल करतो. खाली टिंगल चालू असताना, शेजारी टांगलेला माणूस निर्दोष आहे अशी ग्वाही देतो. मग फक्त आठवण ठेवावी एवढंच मागतो. सुटका मागत नाही. हातपाय खिळलेल्या माणसाला जे करणं शक्य होतं ते सगळं त्याने केलं. त्याच्या हाती काही घटका होत्या आणि त्या घटकांत त्याच्या विश्वासाला फळ आलं. आपल्या हाती वर्षंच्या वर्षं आहेत.

दुसरा पुरावा लूथरचा दिला जातो. 1522 साली जर्मन नवा करार छापताना त्याने, विश्वासाला कर्मांची जोड मागणाऱ्या याकोबाच्या पत्राला गवताची उपमा दिली, हे खरं आहे. पण रोमकरांस पत्राला त्याने लिहिलेली प्रस्तावना हे लोक वाचत नाहीत. विश्वासाला स्वस्थ बसताच येत नाही, चांगलं केल्यावाचून तो राहूच शकत नाही, हा त्या प्रस्तावनेचा गाभा आहे. पुढे 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग इथे लूथरन मंडळ्यांच्या जागतिक संघाने आणि कॅथलिक चर्चने मिळून नीतिमान ठरण्याविषयीच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. माणूस कृपेने नीतिमान ठरतो आणि सत्कर्मं त्याचं फळ म्हणून येतात, एवढ्यावर चारशेहून अधिक वर्षं भांडलेली दोन घराणी एकत्र आली. मग आपण कुणाची बाजू लढवत बसलो आहोत?

पौल आणि याकोब यांची झुंज लावण्यातही अर्थ नाही. दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात. पौलाचा अब्राहाम उत्पत्तीच्या 15व्या अध्यायातला आहे: म्हातारा, निपुत्रिक, ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाखाली देवाच्या शब्दावर विसंबणारा. याकोबाचा अब्राहाम 22व्या अध्यायातला आहे: मुलाला सोबत घेऊन मोरियाच्या डोंगराकडे निघालेला. या दोन अध्यायांमध्ये कित्येक वर्षं गेली आहेत. त्या काळात अब्राहाम घाबरला, चुकला, बायकोला बहीण म्हणून मोकळा झाला, हागारेला घराबाहेर काढून बसला आणि तरी देवासोबत चालत राहिला. विश्वास पहिल्या रात्रीच गणला गेला. त्या विश्वासाचा माणूस घडायला मात्र अर्धं आयुष्य लागलं.

आता ज्या वाक्यावर हा सगळा पक्ष उभा आहे, त्याच्याकडे वळू. माणूस नियमशास्त्राच्या कर्मांनी नीतिमान ठरत नाही, हे पौलाने गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ठासून मांडलं आहे. कोणत्या प्रसंगी? अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला जेवत असे. यरुशलेमहून याकोबाकडची माणसं आली आणि त्यांच्या भीतीने तो हळूच बाजूला होऊ लागला. त्याचं पाहून बाकीचे यहूदी उठले, बर्णबासुद्धा त्यात ओढला गेला. तेव्हा पौलाने सगळ्यांसमोर पेत्राला तोंडावर विचारलं आणि त्या जाब विचारण्यातूनच विश्वासाने नीतिमान ठरण्याचा सिद्धांत पुढे येतो. थोर प्रेषिताचा दोष कुठे होता? त्याच्या मतांत कोणतीच चूक नव्हती. त्याचं वागणं सुवार्तेच्या सत्याला धरून नव्हतं, हाच पौलाचा आक्षेप होता. पंगतीतल्या भेदभावाविरुद्ध जन्मलेला सिद्धांत आज आचरणाची चौकशी टाळण्यासाठी ढाल म्हणून पुढे केला जातो, याहून मोठी उलथापालथ मला माहीत नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाला तर हे पान विसरता येणार नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त स्वतःचीच कहाणी सांगितली आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. लक्ष्मीबाईंचा पाच वर्षांनी. मधल्या काळात नवऱ्याच्या जवळ राहायला आल्यावरही त्यांचं सोवळं-ओवळं सुटलं नव्हतं. पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. मग मनातल्या मनात झगडून, जातिभेद माणसाने निर्माण केला, देवाने नव्हे, या निर्णयाला त्या आल्या आणि कुणाच्याही हातचं खायला लागल्या. हे बाप्तिस्म्याच्या आधी घडलं. विश्वास आत शिरत होता आणि त्याची पहिली खूण स्वयंपाकघरात दिसली.

आज सव्वाशे वर्षांनी आपल्या मंडळीत सोयरिकीची बोलणी सुरू झाली की आडनाव ऐकल्यावर आवाज खाली येतो आणि विचारलं जातं, "मूळचे कोण?" दोन्हीकडची माणसं प्रभुभोजनाला एकाच मेजाशी येतात, साक्ष देतात, एकाच गीतपुस्तकातून गातात. पण लेक द्यायची वेळ आली की अंत्युखियातल्या पेत्राप्रमाणे हळूच बाजूला होतात. मला या प्रश्नाची चीड आहे. तो विचारणारा माणूस विश्वासणारा आहे की नाही हे देव जाणे. त्याचा विश्वास त्याच्या घरच्या उंबऱ्याच्या आत आलेला नाही, एवढं मात्र मलाही कळतं.

चिन्हं आणि दानं हाच विश्वासाचा पुरावा मानणाऱ्यांनी करिंथची मंडळी डोळ्यांपुढे आणावी. तिथे कशाची कमतरता नव्हती. भाषा होत्या, संदेश होते, रोग बरे करण्याची दानं होती. कोणत्याही दानात तुम्ही उणे नाही, असं पौल सुरुवातीलाच लिहितो. आणि तीच मंडळी आपसातले खटले परक्यांच्या न्यायासनापुढे नेत होती. प्रभुभोजनाला जमल्यावर पोट भरलेले आधी जेवून घेत, कुणी पिऊन तर्र होई आणि ज्यांच्या घरी काही नाही ते तसेच उपाशी बसत. गरिबाला खाली पाहायला लावणारं हे भोजन प्रभूचं भोजनच नव्हे, असं पौल सांगतो. प्रभू येशू तर आणखी पुढे जातो: डोंगरावरच्या प्रवचनाच्या शेवटी, माझ्या नावाने भुतं काढली, माझ्या नावाने अद्भुतं केली असं म्हणत येणाऱ्यांना तो ओळख दाखवत नाही. त्यानंतर लगेच खडकावर आणि वाळूवर बांधलेल्या घरांचा दाखला येतो. दोन्ही घरांचे मालक त्याचं वचन ऐकणारेच आहेत. फरक ऐकून वागण्यात पडतो.

करिंथ फार दूर नाही. आपल्या कित्येक मंडळ्यांचे मालमत्तेचे वाद न्यायालयांत आणि धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत पडून आहेत. वर्षाच्या सभेत खजिनदाराला हिशोब विचारणाऱ्याला "आत्मिक नाही" असं म्हणून गप्प बसवलेलं मी पाहिलं आहे. उपासनेत तोच खजिनदार डोळे मिटून, हात उंचावून प्रार्थना करत होता. त्याच्या प्रार्थनेबद्दल मी काही म्हणत नाही. पावत्या दाखवणं हेही भक्तीचंच काम आहे, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, असं मला म्हणायचं आहे.

पेत्राने ते शिकवलं आहे, आणि विशेष हे की अंत्युखियात ज्याला सर्वांसमोर बोल लागले त्याच प्रेषिताच्या नावे हे पत्र आहे. दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात तो विश्वासापासून सुरुवात करतो आणि त्यात एकेकाची भर घालायला सांगतो: सात्त्विकता, ज्ञान, इंद्रियदमन, धीर, सुभक्ती, बंधुप्रेम आणि शेवटी प्रीती. या यादीत विश्वास एका टोकाला आहे आणि प्रीती दुसऱ्या. मधल्या गोष्टी एका रात्रीत येणाऱ्या नाहीत. धीर तर त्रास सोसल्याखेरीज येतच नाही. पेत्र म्हणतो, यासाठी होईल तितका प्रयत्न करा. कृपेचा इतका अनुभव असलेला माणूस प्रयत्नाची भाषा बोलायला लाजत नाही. ज्याच्या ठिकाणी या गोष्टी नाहीत तो आंधळा आहे, आपण पापांपासून शुद्ध झालो होतो हे तो विसरला आहे, असंही तो बजावतो. म्हणजे शील वाढत नसेल तर गडबड कृपेच्या आठवणीतच आहे.

आता दुसऱ्या बाजूचे लोक. ते म्हणतील, बरोबर आहे, शीलच महत्त्वाचं. मग विश्वासाचा एवढा खटाटोप कशाला? येशूची नीती घ्यावी, शाळा-दवाखाने चालवावेत, गोरगरिबांची सेवा करावी. सुशिक्षित ख्रिस्ती घरांत हा सूर आता सर्रास ऐकू येतो. इतर धर्मांत आणि कोणताच धर्म न मानणाऱ्यांत उत्तम शीलाची माणसं आहेत, हे मी आनंदाने कबूल करतो. ते नाकारणारा ख्रिस्ती खोटं बोलतो. तरीही या मताला माझा विरोध आहे आणि त्याचं कारण केडगावात आहे.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. त्याआधीच त्या पंडिता होत्या, दुष्काळात आईवडील गमावूनही ताठ उभ्या राहिलेल्या होत्या, विधवांसाठी जीव टाकायला तयार होत्या. शीलाची वाण नव्हती. 1889 साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं. त्यांच्याच सांगण्यानुसार, इतक्या काळात त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, आपण पापी आहोत आणि काहीही न देता स्वीकारले गेलो आहोत हे उमगल्यावर. इतकी कर्तबगार, इतकी त्यागी बाई जर आपलं कर्तृत्व पुरेसं नाही असं म्हणते, तर ते ऐकून घ्यायला हवं. परूशी आणि जकातदाराच्या दाखल्यातला परूशी वाईट माणूस नव्हता. उपास करत होता, दशांश देत होता. त्याला देवाकडून काही नको होतं, एवढीच त्याची उणीव होती.

आणि त्या विश्वासाने रमाबाईंना कुठे नेलं ते पाहा. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने सांगाडे झालेल्या मुलींना गाडीत घालून केडगावला आणलं. 1897 साली पुण्यातल्या प्लेगच्या दवाखान्यातल्या बेबंदशाहीबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. राज्यकर्ते ख्रिस्ती होते म्हणून गप्प बसल्या नाहीत. 1905 साली केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं संजीवन झालं. मुली रडल्या, पापं कबूल केली, रात्ररात्र प्रार्थना झाल्या. आजच्या संजीवन सभांचे आयोजक याचा हवाला देतात तेव्हा एवढ्यावरच थांबतात. मला पुढचं महत्त्वाचं वाटतं. ते वारं ओसरल्यावर केडगावात माग चालू होते, शेती चालू होती, अंध बायका रमाबाईंच्या लेकीकडून, मनोरमाबाईंकडून, ब्रेल शिकत होत्या. छापखान्यात, ज्यांना घरी अक्षरओळखही कुणी होऊ दिली नव्हती अशा बायका खिळे जुळवत होत्या आणि रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल उतरवत होत्या. 1921 साली मनोरमाबाई गेल्या. लेकीच्या माघारीही आईने ते काम तडीस नेलं आणि 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेवला. पेत्राच्या यादीतला धीर कसा दिसतो असं कुणी विचारलं तर मी त्या छापखान्याकडे बोट दाखवीन.

शेवटचा आक्षेप प्रामाणिक माणसांचा आहे, म्हणून त्याला उत्तर देणं अगत्याचं. शीलाची मागणी केली की दुबळा विश्वासणारा खचतो. ज्याची दारू पुन्हा पुन्हा सुटून लागते, ज्याचा राग आवरत नाही, त्याने काय करावं? त्याने मंडळीत यावं, पहिल्या रांगेत बसावं. पेत्राने येशूला तीनदा नाकारलं आणि पुन्हा अंत्युखियात घसरला, तरी त्याला कुणी काढून टाकलं नाही. पडून उठणाऱ्याशी माझा वाद नाही. पडण्यालाच कृपा म्हणायला शिकवणाऱ्यांशी आहे.

म्हणून माझी मागणी ठोस आहे. बाप्तिस्म्याच्या आणि दृढीकरणाच्या वर्गांत पेत्राची ती यादी एकेका गुणाला एकेक आठवडा देऊन शिकवावी आणि शिकवणाऱ्याने घरी, दुकानात, कचेरीत तो गुण कसा दिसतो ते उदाहरणांनी सांगावं. मंडळीचा जमाखर्च वर्षातून एकदा सूचनाफलकावर लावावा. सोयरिकीत मूळ जात विचारणाऱ्याला पाळकाने घरी जाऊन गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचून दाखवावा. साक्ष देणाऱ्यांनी जक्कयाची रीत धरावी: यरीहोतल्या त्या जकातदाराने आपल्या अंतःकरणातल्या शांतीचं वर्णन केलं नाही. अर्धी मिळकत गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परत, असा आकडा त्याने सांगितला आणि त्यानंतर येशूने त्या घराला तारण झाल्याचं जाहीर केलं.