अपघाताचा अहवाल कोणाच्या कपाटात?

विमान आणि आपण यांचा संबंध काय, असे आमचे पुष्कळ वाचक विचारतील. जळगावहून मुंबईला जायचे तर आपला माणूस रात्रीची रेल्वे पकडतो, धुळ्याहून जायचे तर एस. टी. च्या लाल गाडीत बसतो. विमान आपण पाहतो ते मान वर करून. मग त्याच्या अपघाताचे कागद सरकारने दाखवले काय आणि लपवले काय, आपले काय बिघडते? याचे उत्तर आम्ही चोपडा तालुक्यापासूनच देतो.

16 जुलै 2021 रोजी शिरपूरच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेचे एक लहान विमान सातपुड्याच्या पायथ्याशी, वर्डी गावाच्या शिवारात कोसळले. शिकवणारा वैमानिक मरण पावला, शिकणारी तरुणी जबर जखमी झाली. तिथवर गाडी जाईल असा रस्ता नव्हता. आसपासचे आदिवासी बांधव धावले. एका भिल्ल माऊलीने अंगावरची साडी दिली, तिची झोळी झाली आणि त्या झोळीतून ती मुलगी डोंगरातून खाली आणली गेली. तिचा जीव वाचला. वर्तमानपत्रांनी त्या साडीचे कौतुक केले ते योग्यच केले. परंतु कौतुक झाले की आपल्या माणसांचे काम संपले, असे समजण्याची आपल्याकडे रीत आहे. अपघात का झाला हे जाणण्याचा हक्क त्या माऊलीलाही आहे, हे कोणाच्या मनातही येत नाही. चौकशीचे अहवाल इंग्रजीत निघतात. वर्डीच्या माणसाला ते मराठीत किंवा त्याच्या बोलीत कोण समजावून सांगणार?

विमान आकाशात उडते, पण पडते ते जमिनीवरच, आणि जमिनीवर माणसे राहतात. 26 एप्रिल 1993 रोजी तेव्हाच्या औरंगाबाद विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग 737 मुंबईकडे निघाले. धावपट्टीच्या पलीकडे बीडचा रस्ता. त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचे चाक त्या ट्रकला धडकले, पुढे विजेच्या तारांना विमान अडकले आणि 118 पैकी 55 जण ठार झाले. कापसाच्या गाठींचा ट्रक खान्देशच्या माणसाला काही नवा नाही. असा अपघात झाला की पहिले बोट ट्रकवाल्याकडे जाते, दुसरे वैमानिकाकडे. चौकशीत काय निघाले? वैमानिकांनी विमान उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचलले, हे एक कारण. दुसरे कारण असे की, उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक आवरण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले. म्हणजे सरकारी खात्याचाही दोष. हे कागद कपाटातच राहिले असते तर हे दुसरे कारण कोणाला कळले असते?

म्हणूनच आम्ही विचारतो की चौकशी करतो कोण? आज आपल्या देशात हे काम विमान अपघात अन्वेषण ब्युरोकडे आहे. हा ब्युरो 2012 साली स्थापन झाला. तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतो. विमानांना व वैमानिकांना परवाने देणारे महासंचालनालयही त्याच मंत्रालयाखाली, आणि बहुतेक सरकारी विमानतळ चालवणारे प्राधिकरणही त्याच मंत्रालयाखाली. एकाच वाड्यातल्या भावाने भावाचा पंचनामा करायचा! अशा ठिकाणी अधिकारी कितीही सचोटीचे असोत, कागद उघडा असल्याखेरीज लोकांचा विश्वास बसायचा नाही.

12 जून 2025 रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडले. विमानातल्या 242 पैकी 241 जण गेले आणि जमिनीवरचे 19 जण गेले. विमानाशी काही देणेघेणे नसलेली ही माणसे. महिन्याभरात ब्युरोचा प्राथमिक अहवाल आला. उड्डाणानंतर दोन्ही इंजिनांना इंधन देणाऱ्या कळा एकापाठोपाठ बंद स्थितीत गेल्या; तू इंधन का तोडलेस, असे एका वैमानिकाने विचारले; मी तोडले नाही, असे दुसऱ्याने उत्तर दिले. संभाषणाचा एवढाच गोषवारा त्यात आहे. कोण बोलला, त्याच्या आधी व नंतर काय बोलणे झाले, हे त्यात नाही. अर्धे सांगितले की उरलेले अर्धे लोक आपल्या मनाने भरतात. परदेशी वर्तमानपत्रांनी मेलेल्या वैमानिकाकडे बोट दाखवले. मेलेला माणूस जबाब देऊ शकत नाही, म्हणून तो सर्वांना सोयीचा!

पुढे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. हवाई सुरक्षेचे काम करणाऱ्या एका संस्थेने जनहित याचिका केली आणि काळ्या पेटीतील संपूर्ण नोंदी व वेळेसह संपूर्ण संभाषण उघड करा, अशी मागणी केली. सप्टेंबर 2025 मध्ये न्यायालयाने केंद्राला नोटीस काढली. मात्र चौकशी संपेपर्यंत गोपनीयता पाळणे इष्ट, असेही मत दिले. त्यानंतर त्या वैमानिकाच्या वृद्ध वडिलांनी वैमानिकांच्या संघटनेसह स्वतंत्र, न्यायालयाच्या देखरेखीखालील चौकशी मागितली. नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्तींनी त्यांना सांगितले की, तुमच्या मुलावर कोणी ठपका ठेवू शकत नाही, हे ओझे तुम्ही वाहू नका. त्या म्हाताऱ्या बापाला हे शब्द ऐकण्यासाठी देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयापर्यंत जावे लागले, याची लाज कोणाला वाटायची?

गुप्ततेची बाजू आम्हांला ठाऊक आहे. 1944 च्या शिकागो करारावर उभ्या असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे अशी चौकशी शिक्षेसाठी नसते. पुढचा अपघात टळावा म्हणून असते. वैमानिकाचा प्रत्येक शब्द उद्या बाजारात येणार असेल तर तो मोकळेपणी बोलणार नाही. हे आम्हांला पटते. कोणा मृताचा शेवटचा आवाज चौकाचौकात वाजावा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु तेच नियम असेही सांगतात की, उघड करण्याचा फायदा तोट्याहून मोठा असेल तर सक्षम अधिकारी उघड करण्याचा निर्णय घेऊ शकतो. तराजू नियमातच दिलेला आहे. आमचे सरकार त्यातले एकच पारडे वापरते.

गुप्ततेच्या आड काय दडते, याचा मोठा दाखला अमेरिकेत आहे. 6 ऑक्टोबर 1948 रोजी जॉर्जिया राज्यात एक लष्करी बी-29 विमान कोसळून 9 जण ठार झाले. त्यांतल्या तीन बिनलष्करी माणसांच्या विधवांनी सरकारवर दावा लावला व अपघाताचा अहवाल मागितला. सरकार म्हणाले, त्यात देशाची गुपिते आहेत. खालच्या न्यायाधीशाने निदान मला एकट्याला दाखवा म्हटले, तेही नाकारले. तो निवाडा विधवांच्या बाजूने गेला. पण 1953 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अहवाल न वाचताच सरकारचे म्हणणे मान्य केले. त्या बायकांनी कमी रकमेवर तडजोड केली. पुढे 2000 साली त्या मृतांपैकी एकाच्या मुलीच्या हाती तो अहवाल पडला. त्यात सांगण्यासारखे गुपित नव्हतेच. इंजिनाला आग लागली होती आणि आगीपासून बचाव करण्यासाठी ठरलेली दुरुस्ती त्या विमानात केलेलीच नव्हती. ढिलाई झाकली गेली देशाच्या नावाखाली! ती कुटुंबे 2003 साली पुन्हा न्यायालयात गेली, पण दाद मिळाली नाही.

आपल्याकडे 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे, आणि त्याआधी 2002 चा महाराष्ट्राचा आपला कायदा होता. चौकशी चालू आहे एवढे सांगून माहिती नाकारता येत नाही. माहिती दिल्याने चौकशीला अडथळा कसा येतो, हे खात्याने दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 सालीच भगतसिंग यांच्या प्रकरणात सांगितले आहे. गुप्त भाग वगळून उरलेला कागद द्यावा, असे कलम 10 म्हणते. 20 वर्षांहून जुन्या घटनेची माहिती तर मोजके अपवाद सोडता रोखताच येत नाही. एअर इंडिया जानेवारी 2022 पासून खासगी मालकीची झाली, म्हणून थेट त्या कंपनीकडे अर्ज चालत नाही. पण कायद्याने सरकारी खात्याला कंपनीकडून जी माहिती मिळवता येते, ती खात्यामार्फत मागता येते.

अर्जात "अपघात का झाला?" असे विचारू नका. त्याला हमखास वाटाण्याच्या अक्षता मिळतात. अमुक तारखेचा अंतिम अहवाल, अमुक शिफारशींवर झालेली कारवाई, देखभालीच्या तपासणीच्या प्रती, असे कागदाचे नाव घेऊन मागा. फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील माणसाला तीही नाही. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील, मग 90 दिवसांच्या आत केंद्रीय माहिती आयोगाकडे द्वितीय अपील. तिथेही दार बंद झाले तर जळगाव व धुळे या दोन्ही जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ देणारे कलम 32 तर आहेच. त्याला बाबासाहेबांनी 9 डिसेंबर 1948 रोजी घटनेचा आत्मा म्हटले, ते उगाच नव्हे.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न उरतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची माणसे, स्त्रिया आणि मोठ्या आपत्तीचे बळी यांना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. 1990 च्या दुरुस्तीपासून बौद्ध झालेल्या आपल्या बांधवांनाही अनुसूचित जातीचा हा लाभ आहे. जळगाव व धुळे येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांकडे अर्ज करावा. जाताना जातीचा दाखला आणि मागितलेल्या माहितीच्या अर्जाची पोच बरोबर न्यावी.