खरा पश्चात्ताप

पाप, पश्चात्ताप आणि देवाचे सान्निध्य हे शब्द प्रार्थनेच्या वेळी आपल्या कानांवरून इतक्या वेळा जातात की, त्यांचा अर्थ आपणांस ठाऊकच आहे अशी आपली समजूत होऊन बसते. तथापि पश्चात्ताप म्हणजे काय, असा प्रश्न वर्गात विचारला, तर बहुतेक मुले 'केलेल्या गोष्टीबद्दल वाईट वाटणे' असे उत्तर देतील. आणि वडील मंडळींचे उत्तरही याहून फारसे निराळे येईल असे आम्हांस वाटत नाही. आमच्या मते हे उत्तर अपुरे आहे. इतकेच नव्हे, तर ते मनुष्यास फसविणारेही आहे.

शब्दाकडेच पाहा. आपल्या मराठी शब्दात 'ताप' आहे. मागाहून होणारा दाह आहे. परंतु जुना करार ज्या इब्री भाषेत लिहिला गेला, तीत या अर्थी वारंवार येणारा 'शूब' हा शब्द मुळात 'मागे फिरणे' असे सांगतो. आणि नव्या कराराच्या ग्रीक भाषेतील शब्दाचा अर्थ 'मन पालटणे' असा आहे. म्हणजे दाह होणे ही केवळ सुरुवात होय. वाट चुकलेला मनुष्य रस्त्यात बसून कितीही रडला, तरी तो घरी पोहोचत नाही; त्यास उठून उलट पावली चालावे लागते.

मग मनुष्य फिरत का नाही? आपल्या पारोळ्याचा भुईकोट किल्ला सर्वांच्या पाहण्यातला आहे. तो १७२७ साली जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनी बांधविला असे सांगतात. त्याच्या भोवती खंदक खणला तो शत्रूस अडविण्यासाठी. पण खंदकास शत्रू कोण व मित्र कोण हे कळत नाही. पाप लपविणारा मनुष्य आपल्याभोवती असाच खंदक खणीत असतो. एक खोटे झाकण्यास दुसरे, दुसरे झाकण्यास तिसरे, अशी त्याची रुंदी वाढत जाते. आणि शेवटी आई, मित्र, गुरुजी व देव हे सारेच पलीकडच्या काठावर राहतात. एदेन बागेतील आदाम झाडांच्या आड दडला, तेव्हा देव त्यास टाकून गेला नव्हता; तो त्यास शोधीत आला होता. अंतर पडले ते आदामाच्या बाजूने. देव दूर गेला असे ज्यास वाटते, त्याने प्रथम आपल्या हातातील कुदळ पाहावी.

शुभवर्तमानात या विषयावर तीन माणसांची उदाहरणे ध्यानात धरण्याजोगी आहेत. यहूदा इस्कर्योताने तीस रुपयांसाठी प्रभूस शत्रूंच्या हाती दिले. त्यास पुढे अत्यंत वाईट वाटले, आणि त्याने ते रुपये परतही केले. पण तो स्वतः परतला नाही. निराशेने त्याने आपला जीव दिला. त्याच रात्री पेत्राने प्रभूस तीन वेळा नाकारले. तोही ढसढसा रडला; परंतु तो पुन्हा प्रभूकडे आला, आणि त्याचे काम त्यास पुन्हा सोपविण्यात आले. तिसरा यरीहो येथील जकातदार जक्कय. याने आपली अर्धी मालमत्ता गरिबांस देण्याचे व ज्यास लुबाडले त्यास चौपट भरून देण्याचे वचन दिले. पण हे केव्हा? येशूने त्याच्या घरी उतरण्याचे ठरविल्यावर, आधी नव्हे! प्रथम परतफेड आणि मग भेट, असा क्रम तेथे नाही. भेट आधी झाली, म्हणून हिशेबाची वही उघडली गेली.

हाच अनुभव आपल्या महाराष्ट्रातील एका थोर स्त्रीच्या चरित्रात आढळतो. पंडिता रमाबाई यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडातील वॉन्टेज येथे झाला. त्या संस्कृतच्या विदुषी होत्या; १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. अशा बाईस आणखी कशाची उणीव असावी? परंतु १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी सांगितले आहे की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांस एक गोष्ट उमगली. त्यांनी धर्म स्वीकारला होता, पण त्या धर्माचा प्रभू त्यांस अद्याप भेटला नव्हता. विद्या व सत्कृत्ये यांनी आपण लायक होऊ आणि मग त्याच्यापुढे उभे राहू, ही वाट त्यांनी सोडली. आणि आहोत तशाच, पापी म्हणून, त्या त्याच्याजवळ गेल्या. त्यानंतर त्यांचे कार्य थांबले नाही, उलट वाढले. १८९६-९७ च्या दुष्काळात अनाथ झालेल्या शेकडो मुलींस त्यांनी केडगाव येथे आसरा दिला.

त्याच केडगावी १९०५ सालच्या जूनमध्ये मोठी धर्मजागृती झाली. मुली व स्त्रिया आपापली पापे उघडपणे कबूल करून रडू लागल्या. अशीच जागृती १९०४ साली वेल्स देशात झाली होती, व तेथे लोकांनी जुनी थकलेली कर्जे फेडल्याचे नमूद आहे. आम्हांस त्या अश्रूंपेक्षा ती फेडलेली कर्जे अधिक बोलकी वाटतात. चारचौघांसमोर रडण्याचा आग्रह कोणासही करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण सक्तीने काढलेली कबुली ही ढोंगाची पहिली पायरी होते. मात्र ज्याचा अपराध केला, त्याच्यापुढे ती कबुली झालीच पाहिजे. वेदीपाशी अर्पण आणले असता भावाची तक्रार आठवली, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, अशी प्रभूची आज्ञा आहे. खोट्या काट्यावर शेतकऱ्याचा कापूस मोजणाऱ्याने रविवारी देवापुढे कितीही डोळे टिपले, तरी सोमवारी तोच काटा टांगलेला असेल, तर त्या अश्रूंची किंमत काय?

आता पालकांस एक नम्र विनंती. मूल आपण होऊन अपराध सांगावयास येते, तेव्हा त्याने मोठे धैर्य केलेले असते. त्याच क्षणी त्याच्या पाठीत धपाटा बसला, तर चोरी वाईट हे तो शिकत नाही. सांगणे वाईट एवढेच शिकतो, आणि दुसऱ्या दिवसापासून खंदक खणू लागतो. उलट, 'असू दे, झाले ते झाले' म्हणून सोडून देणेही हिताचे नाही. त्यास जवळ घ्यावे, आणि मग ज्याची वस्तू मोडली त्याच्या दारी त्यास सोबत घेऊन जावे. क्षमा आणि भरपाई या दोन्ही गोष्टी त्यास एकाच दिवशी शिकू द्याव्यात.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येक ख्रिस्ती आहेत, कित्येक नाहीत. परंतु दुसऱ्याचे उत्तर उतरून मिळविलेले गुण, निरपराध सोबत्यावर ढकललेला दोष, न परतविलेले पुस्तक, यांचे ओझे कोणत्याही धर्माच्या मुलाच्या छातीवर सारखेच बसते. आधी चांगले होऊ आणि मग देवाकडे जाऊ, असे म्हणून थांबू नका; तो दिवस कधीच उगवत नसतो. आहात तसे जा. आणि तेथून उठल्यावर प्रथम ज्याचे देणे आहे, त्याच्या घरची वाट धरा.