कर्जाचा कागद आणि शाळेचे गणित

विड्या वळणाऱ्या आईचा मुलगा आठवीच्या वर्गात चक्रवाढ व्याजाचे उदाहरण अचूक सोडवितो, आणि त्याच दिवशी सायंकाळी ती आई हप्त्याच्या कर्जाच्या कागदावर, त्यात काय लिहिले आहे हे न कळता, सही करते. मुलालाही तो कागद वाचावा असे सुचत नाही. सोलापूरच्या पूर्वभागात ही गोष्ट अपवादाची नाही. शाळेत शिकविलेले गणित घराच्या उंबरठ्याशी थबकावे, हे आपल्या शिक्षणाचे मोठेच वैगुण्य होय.

कर्जाच्या कागदाचा प्रश्न या जिल्ह्यास नवा नाही. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ साली सरकारने जो कायदा केला, तो पुणे, सातारा, नगर व सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी होता. ऋणकोस पावती व हिशेबाचा उतारा मिळण्याचा हक्क त्याने दिला. परंतु ज्यास अक्षरओळख नाही, त्यास पावतीचा उपयोग तो किती?

आज सावकाराच्या जोडीला कंपन्या आणि मोबाईलवरील कर्जे आली आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी ऋणकोस समजेल अशा भाषेत ‘मुख्य तथ्य विवरण’ देणे बंधनकारक झाले. सर्व आकार धरून होणारा वार्षिक दर त्यात नमूद असावा लागतो. सात दिवस वा अधिक मुदतीच्या कर्जाबाबत विचार करण्यास किमान तीन कामाचे दिवसही मिळतात. कायद्याने आपले काम केले. वाचणारा डोळा तयार करण्याचे काम मात्र शाळेचेच आहे.

एक साधे उदाहरण घ्या. दहा हजार रुपये, ‘फ्लॅट’ बारा टक्के, बारा हप्ते. व्याज बाराशे, म्हणजे दरमहा सुमारे ९३३ रुपये. ऐकणारास हा दर बाराच वाटतो. परंतु सहा महिन्यांत जवळजवळ निम्मी मुद्दल फिटलेली असते, तरी व्याज मात्र वर्षभर पूर्ण दहा हजारांवरच आकारले जाते. उरलेल्या मुद्दलावर हिशेब केला, तर खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. वहीचे एक पान आणि जाणता शिक्षक पुरे.

२०१८ साली आलेल्या दहावीच्या गणितात ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण घातले गेले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्याचा भर वस्तू व सेवा कर आणि शेअर यांवर आहे. ज्या घरात शिल्लकच पडत नाही, तेथे शेअरची गाठ कधी पडणार? त्या घराचा पैशाच्या जगाशी पहिला परिचय कर्जानेच होतो. तेव्हा प्रारंभ कर्जापासूनच व्हावयास हवा.

पैशाच्या गोष्टी मुलांच्या कानी पडू नयेत, असे मानणारे सुशिक्षित गृहस्थ आजही आहेत. त्यांस आमचे एवढेच सांगणे की, मोबाईल त्या गोष्टी मुलांना सांगतोच आहे. आणि तो केवळ ‘त्वरित कर्ज’ एवढेच सांगतो, व्याज सांगत नाही. अभ्यासक्रम आधीच जड आहे, हा आक्षेप खरा आहे. परंतु आम्ही नवा विषय मागत नाही. व्याजाच्या धड्यात काल्पनिक ‘रामराव’ व ‘शामराव’ यांच्याऐवजी खरा, नाव झाकलेला कर्जाचा कागद फळ्यावर यावा, एवढीच आमची मागणी आहे.

त्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. या शहरात निवृत्त बँक अधिकारी, हिशेबनीस व वाणिज्याचे प्राध्यापक पुष्कळ आहेत. त्यांनी वर्षातून दोन तास जवळच्या शाळेस द्यावेत. मुलाने घरी जाऊन आईस ‘सही करण्याआधी मला वाचू दे’ एवढे म्हटले, तरी त्या दोन तासांचे चीज झाले असे आम्ही समजू.