विरंगुळ्यावर भांडवलाची धाड

नोएडाहून दिल्लीला परतणाऱ्या मेट्रोत दिवसभर राबलेले कामगार-कर्मचारी मोबाईलवर एका रंगाच्या तीन गोळ्या जुळवताना किंवा चित्रातल्या अडगळीत लपलेली वस्तू शोधताना दिसतात. त्यांना नावे ठेवणारे उपदेशक भलत्याच ठिकाणी बोट ठेवतात. आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी झालेला लढा हा विश्रांतीसाठीही होता. ती विश्रांती आज कोणाच्या ताब्यात आहे, हा खरा प्रश्न आहे.

2012 साली आलेला ‘कँडी क्रश सागा’ फुकट मिळतो. जीव मात्र पाचच. गमावलेला एक जीव परत मिळायला अर्धा तास. थांबायचे नसेल तर पैसे मोजा! आधी अडवणूक करायची, मग सुटका विकायची, ही सावकारी नीतीच होय. हा खेळ काढणारी ‘किंग’ कंपनी 2016 मध्ये ‘अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड’ने 5.9 अब्ज डॉलरना घेतली. 2023 मध्ये या दोघींनाही ‘मायक्रोसॉफ्ट’ने गिळले. मक्तेदारी वाढते ती अशी.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घातली. परंतु बंदीची कसोटी आहे ती पैसे लावणाऱ्याची लाभाची आशा. येथे तर खेळणाऱ्याला लाभ कसलाच नाही, तो केवळ देतच राहतो. म्हणून हा धंदा बंदीतून सुखरूप सुटतो!

खेळावर बंदी नको. या विक्रीला खर्चाची कायदेशीर मर्यादा हवी, मुलांना ती पूर्ण बंद हवी. आणि कामगार वस्त्यांत मैदाने व वाचनालये हवीत. कामगार संघटनांनी या मागण्या हाती घेतल्याच पाहिजेत.