केबल तोडणाऱ्यांनी आधी हिशेब मांडावा

केबलची वायर काढून टाकण्याची लाट पुण्या-मुंबईहून आता आमच्या नाणे मावळातही येऊन पोहोचली आहे. कापड घ्यायला येणारे गिऱ्हाईक मोजमाप होईपर्यंत इकडच्या तिकडच्या गोष्टी काढते. त्यात अलीकडे एक प्रश्न हमखास असतो. "शेठ, केबल बंद केली. आता फोनवरचे कोणते घेऊ? चालू कार्यक्रम लगेच दिसला पाहिजे." कामशेतचा शिंपी हेच विचारतो, वडिवळ्याचा गवंडी हेच विचारतो आणि लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात काम करणारा पोरगाही हेच विचारतो. उत्तर मात्र प्रत्येकाला वेगळे द्यावे लागते. व्यापाराच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण दरमहा घरातून जाणारा पैसा हा व्यापाराचाच विषय आहे, आणि रोजंदारीवर घर चालवणाऱ्या कारागिराला तर दोनशे रुपयेही मोजावे लागतात.

आमच्या पिढीने टीव्हीचे सगळे फेरे पाहिले आहेत. आधी कौलावर ॲल्युमिनियमचा ॲन्टेना असे आणि त्याचे तोंड सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे फिरवावे लागे. १९९१ च्या आखाती युद्धानंतर परदेशी वाहिन्या आल्या, १९९२ मध्ये झी टीव्ही आला आणि गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले. १९९५ मध्ये त्यांच्यासाठी कायदा झाला. पुढे सरकारने टप्प्याटप्प्याने सेट-टॉप बॉक्स सक्तीचा केला. पुणे शहराची पाळी २०१३ मध्ये आली, खेड्यांची त्यानंतर. दरम्यान डीटीएचच्या छत्र्या घरोघरी बसल्या. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि टीव्ही खिशात गेला. एवढे सगळे तीस-पस्तीस वर्षांत घडले. म्हणून आज जे नवे म्हणून विकले जाते तेच शेवटचे, असे समजून वर्षाचे पैसे एकदम भरण्याची घाई करू नये, असे आमचे मत आहे.

केबलचे बिल कशाने फुगते हे आधी समजून घ्यावे. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचा नियम लागू झाला. त्यात पहिल्या शंभर वाहिन्यांचे जोडणी शुल्क १३० रुपये ठरले. त्यावर अठरा टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे झाले. पैशाच्या वाहिन्यांची किंमत वेगळी. पुढे १३० रुपयांत दोनशे वाहिन्या देण्याचा नियम आला आणि जुलै २०२४ मध्ये त्या शुल्कावरची मर्यादाच काढून टाकण्यात आली. या नियमांचा मूळ हेतू असा होता की गिऱ्हाइकाने हवी ती एक-एक वाहिनी निवडावी आणि तेवढेच पैसे द्यावेत. प्रत्यक्षात बहुतेक लोक गठ्ठाच घेतात. त्याचे कारण कापडवाल्याला समजावून सांगावे लागत नाही. घाऊक व्यापारी चालणाऱ्या मालाच्या दोन ताक्यांबरोबर न खपणारे चार ताके बांधतो आणि सगळी गाठ मिळून भाव कमी लावतो. आपण खूश होऊन घरी येतो आणि ते चार ताके फडताळात पडून राहतात. वाहिन्यांच्या गठ्ठ्यावर पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत सूट देण्याची मुभा आहे. सुट्या चार वाहिन्या घेण्यापेक्षा वीसचा गठ्ठा स्वस्त दिसतो तो त्यामुळे.

म्हणून केबल तोडण्याआधी घरात एक कागद भिंतीला लावावा आणि आठ दिवस कोण काय पाहते ते लिहून ठेवावे. लिहिणारा घरातला शाळकरी मुलगा असावा, कारण मोठी माणसे स्वतःचे कार्यक्रम कमी लिहितात! बहुतेक घरांत हा आकडा सात-आठ वाहिन्यांच्या पुढे जात नाही. एक-दोन मराठी मालिकांच्या, एक-दोन बातम्यांच्या, एक सिनेमाची, एक मुलांची आणि सामना असेल तेव्हा क्रिकेटची. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्याची डीडी उर्दू ही एक जादा.

आता वडिवळ्याचा विचार करू, कारण जाहिराती शहराचा विचार करून लिहिलेल्या असतात. आमच्याकडे एकीकडे धरणाचे पाणी आणि बाकी सगळीकडे डोंगर. अशा गावात फोनची रेंज एका आळीत असते तर दुसऱ्या आळीत नसते, ओट्यावर असते तर माजघरात नसते. टीव्ही मात्र माजघरात असतो. ज्याला इंटरनेटवर टीव्ही पाहायचा आहे त्याने आधी टीव्हीच्या जागी फोन ठेवून संध्याकाळी आठ ते दहा या वेळात सलग तासभर चालू वाहिनी चालवून पाहावी. सकाळी अकराला चांगले चालते हे काही प्रमाण नव्हे. रात्री सगळे गाव एकाच मनोऱ्यावर असते.

छत्रीचे तसे नाही. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. मावळातून छत्रीचे तोंड आग्नेयेला आणि बरेच वर, म्हणजे क्षितिजापासून साठ अंशांच्या जरा खाली, धरावे लागते. त्यामुळे डोंगर आडवा येत नाही. घराजवळचे आंब्याचे झाड मात्र येऊ शकते, ते बसवणाऱ्याला आधीच दाखवावे. छत्रीचा शत्रू पाऊस. लोणावळ्याच्या बाजूला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत सर जोरात आली की चित्र तुटते, थांबली की परत येते. तो बॉक्सचा दोष नसतो, लहरी पाण्यात शोषल्या जातात. त्याच पावसात वीजही जाते. वीज गेल्यावर टीव्ही, बॉक्स आणि इंटरनेटचा राउटर तिन्ही बंद, चालतो फक्त फोन. म्हणजे पावसाळ्यापुरते फोनवर थोडे पाहण्याची सोय असावी हे खरे, पण सगळी भिस्त त्याच्यावर नको.

दूरदर्शनची ही छत्री २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला, साधारण दीड-दोन हजारांत काम झाले, की महिन्याचे काही नाही. डीडी सह्याद्री, डीडी न्यूज, डीडी स्पोर्ट्स, डीडी उर्दू आणि बऱ्याच खासगी वाहिन्या त्यावर आहेत. खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो, म्हणून त्या येतात आणि जातात. २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपल्या वाहिन्या काढून घेतल्या, २०२० मध्ये परत आणल्या आणि १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा काढल्या. हे माहीत असावे, म्हणजे एखाद्या एप्रिलमध्ये आवडती वाहिनी गेली तर बॉक्स बिघडला म्हणून दुरुस्तीवाल्याकडे धावावे लागणार नाही. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या पैशाच्या वाहिन्या तेथे मिळत नाहीत.

क्रिकेटबाबत एक गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी कंपनीला दूरदर्शनबरोबर वाटून घ्यावे लागते. भारताचे एकदिवसीय आणि टी-२० सामने त्यात येतात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे वाटून घेतलेले प्रक्षेपण दूरदर्शनने फक्त स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि फ्री डिशवरून दाखवावे, खासगी केबल आणि डीटीएचवर ते जाऊ नये. म्हणजे महिन्याचे पैसे भरणाऱ्याला जो सामना दूरदर्शनवर दिसत नाही, तो फुकटच्या छत्रीवर दिसतो. आयपीएल या यादीत नाही. त्यासाठी दोन महिने वेगळी सोय करावी लागते.

ती सोय अ‍ॅपची. जिओसिनेमा आणि हॉटस्टार १४ फेब्रुवारी २०२५ रोजी एक होऊन जिओहॉटस्टार झाले. सुरुवातीला तीन महिन्यांचा फक्त फोनवर चालणारा प्लॅन १४९ रुपयांना आणि टीव्हीवरही चालणारा २९९ रुपयांना होता. हे भाव बदलत असतात, घेताना त्या दिवशीचा पाहावा आणि "फक्त मोबाईल" ही दोन अक्षरे कोठे लिहिली आहेत का तेही पाहावे. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी त्यावर, झी मराठी झी५ वर, सोनी मराठी सोनीलिव्हवर. तीन मालिका तीन कंपन्यांच्या असल्या तर तीन दुकानांत खाते उघडावे लागते, आणि तिन्ही खात्यांची बेरीज केली तर केबल स्वस्त होती असे निघते. प्रसार भारतीचे वेव्हज हे अ‍ॅप २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यात सुरू झाले. त्यावर दूरदर्शनच्या आणि काही खासगी वाहिन्या चालू स्वरूपात दिसतात. घेऊन पाहायला हरकत नाही.

अ‍ॅपच्या किमतीत डेटाचा खर्च कोणी धरत नाही. साध्या चित्राला तासाला एक जीबीच्या आत-बाहेर लागतो, स्वच्छ मोठ्या चित्राला त्याच्या दुप्पट. घरात रोज तीन तास टीव्ही चालला तर महिन्याला नव्वद जीबी हा कमीत कमी हिशेब झाला. रोजच्या दीड-दोन जीबीच्या रिचार्जवर हे बसत नाही. तारेचे इंटरनेट दारापर्यंत आले असेल तरच इंटरनेटवरचा टीव्ही हा केबलचा पर्याय होतो, नाहीतर तो वरखर्च होतो. आणखी एक. "थेट" म्हटले तरी अ‍ॅपवर चित्र छत्रीपेक्षा वीस-तीस सेकंद, कधी त्याहून उशिरा येते. शेजारच्या घरात विकेटची आरोळी होते तेव्हा आपला गोलंदाज अजून धावतच असतो.

अमेरिकेत केबल तोडण्याची सुरुवात आपल्या आधी झाली. तेथे यूट्यूब टीव्ही २०१७ मध्ये महिना ३५ डॉलरला सुरू झाले. जानेवारी २०२५ पासून तोच दर सुमारे ८३ डॉलर झाला. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर डिस्ने कंपनीशी पैशावरून वाद झाला आणि दोन आठवडे ईएसपीएनसारख्या वाहिन्या गिऱ्हाइकांना दिसल्या नाहीत. गिऱ्हाईक जमेपर्यंत भाव कमी, जमल्यावर चढता. ही रीत आम्हा व्यापाऱ्यांना नवी नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे काय, हा प्रश्न खरा अवघड आहे. केबलच्या रिमोटवर तीन आकडे दाबले की बातम्या लागतात. अ‍ॅपला पासवर्ड लागतो, ओटीपी लागतो, तो ओटीपी कामावर गेलेल्या मुलाच्या फोनवर येतो आणि आजी दिवसभर काळ्या पडद्यासमोर बसते. ज्या घरात असे एक माणूस आहे तेथे छत्री किंवा केबल यांपैकी एक राहू द्यावे, दीडशे रुपयांसाठी त्यांची दुपार हिरावून घेऊ नये. शिलाईच्या दुकानात टीव्ही लावणाऱ्यांनीही पाहून घ्यावे. अ‍ॅपच्या अटींत बहुधा घरगुती वापर एवढेच लिहिलेले असते, दुकानात लावणे त्यात येत नाही. आणि कापडाच्या धंद्यात मालिका पाहणे हा निव्वळ शौक नसतो. होम मिनिस्टर २००४ मध्ये सुरू झाले आणि घराघरात पैठणीचे नाव पुन्हा तोंडी आले. आजही बायका मालिकेतल्या साडीचा फोटो फोनमध्ये घेऊन येतात आणि काठ असाच हवा म्हणतात. ज्याने ती मालिका पाहिलेली नाही त्याला काठ कळत नाही.

आमच्या गावासाठी आमचे मत असे. पहिली सोय फ्री डिशची, तीही पावसाळ्याआधी बसवलेली. मालिकांची आवड असेल तर ज्या कंपनीच्या मालिका घरात जास्त पाहिल्या जातात तिचे एकच अ‍ॅप, तेही महिना किंवा तीन महिन्यांचे. क्रिकेटच्या मोसमात पाहिजे तर दुसरे, आणि मोसम संपला की बंद. आपोआप पैसे कापण्याची परवानगी यूपीआयवर देऊ नये, दिली असेल तर काढून टाकावी. ज्यांच्या घरी तार आली आहे त्यांना वेगळा मार्ग मोकळा आहे.

राहिला केबलवाला. तोही आपल्यासारखाच छोटा धंदेवाईक. त्याने खांब शोधले, पावसात वायर जोडल्या आणि महिनाअखेर वही घेऊन दारोदार फिरला. अनेक ठिकाणी हेच लोक आता फायबरचे इंटरनेट देतात. वायर तोडण्याआधी त्यालाच विचारावे की इंटरनेट आणि वाहिन्या मिळून तो काय भाव देतो. पहिल्या तीन महिन्यांनंतरचा भाव किती, राउटर कोणाच्या मालकीचा आणि जुलैत तार तुटली तर किती दिवसांत माणूस येईल, ही तीन उत्तरे पावतीच्या मागे लिहून घ्यावीत. जुना सेट-टॉप बॉक्स परत करायचा असेल तर त्याची पोच घ्यावी, आणि बॉक्सपोटी अनामत भरली असेल तर तीही मागून घ्यावी.