तिकीट रंगमंचाचं असतं, रंगपटाचं नाही

गेल्या हिवाळ्यात आमच्या तालमीच्या ग्रुपवर रात्री अकराला एक व्हिडिओ आला. रंकाळ्याच्या काठावर बाकड्यावर बसलेले दोघं. तिनं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलंय, बास. काढणारा मागं उभा राहून झूम करतोय आणि हसतोय. खाली लगेच प्रश्न आला, "भावा, कुणाची हाय रं ही?" दहा मिनिटांत तिचं कॉलेज, गल्ली, बापाचं दुकान, सगळं ग्रुपवर. मी एक अक्षर लिहिलं नाही. पण व्हिडिओ दोनदा बघितला. म्हणून व्हिडिओ काढणाऱ्याबद्दल नाही, माझ्यासारख्या बघणाऱ्यांबद्दल लिहितोय.

अशा वेळी 'बिग बॉस'ला शिव्या घालणं सोपं. १९९९ साली नेदरलँड्समध्ये 'बिग ब्रदर' सुरू झालं, २००६ मध्ये त्याचं हिंदी रूप आलं, २०१८ मध्ये मराठी. दुसऱ्याच्या घरात डोकावायची चटक या कार्यक्रमांनी वाढवली, हे खरंच. पण तिथल्या माणसानं करारावर सही केलेली असते. पैसे मिळतात. कॅमेरे आहेत हे त्याला माहीत असतं. बाकड्यावरच्या मुलीनं कशावर सही केली होती?

"चारचौघांत बसली होती, मग कसली प्रायव्हसी?" हे ठरलेलं उत्तर. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, हेही त्या निकालात आहे. रंकाळ्यावर येणारा माणूस फिरायला, भेळ खायला येतो. तुमच्या स्टेटसवर जायला येत नाही.

"तीच दाखवते, मग आम्ही बघितलं तर काय?" हे दुसरं उत्तर. २०२३ च्या फेब्रुवारीत गौतमी पाटील यांचा कपडे बदलतानाचा, चोरून काढलेला व्हिडिओ पसरवला गेला आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. तेव्हाही त्यांच्या नाचाकडं बोट दाखवणारे होतेच. निदान कोल्हापूरकरांनी तरी असं बोलू नये. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं तेव्हा अख्खं गाव हळहळलं. नाटक बघणाऱ्या गावाला कळायला हवं की तिकीट रंगमंचाचं असतं, रंगपटाचं नाही.

कायदाही माहीत असू द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७, त्याआधी २०१३ पासून भारतीय दंड संहितेचं ३५४ क. स्त्रीला खासगी अवस्थेत चोरून बघणं, तिचं चित्रण करणं किंवा ते पसरवणं, तिन्ही गुन्हे आहेत. पहिल्यांदा दोषी ठरलात तर एक ते तीन वर्षं कैद. तिनं चित्रणाला होकार दिला असेल पण पसरवायला नसेल, तरी पसरवणं गुन्हाच. म्हणजे "मी फक्त फॉरवर्ड केला" ही पळवाट नाही.

खांद्यावर डोकं ठेवण्याचा व्हिडिओ मात्र या कलमात बसत नाही. तिथं पोलीस येणार नाहीत. तिथं फक्त आपण असतो, आणि आपण काय केलं? त्यातला मुलगा आठवड्यात पुन्हा कट्ट्यावर दिसला, पोरांनी त्याची पाठ थोपटली. मुलगी महिनाभर कॉलेजला आली नाही. व्हिडिओ एकच, दोघंही त्यात, पण किंमत तिनं एकटीनं मोजली. ती किंमत एका मोबाईलनं ठरवली नाही. बघणारे नसते तर काढणाऱ्यानं तो कुणाला दाखवला असता? त्या बघणाऱ्यांत मी होतो, दोनदा.

परवा ग्रुपवर तसलाच आणखी एक आला. या वेळी न उघडता मी लिहिलं, "डिलीट कर." "लई शहाणा झालास," असं तिघांनी सुनावलं. पाच मिनिटांनी टाकणाऱ्यानं व्हिडिओ काढून टाकला. एवढं तर तुम्हालाही जमेल.