एकाच अष्टकोनाच्या दोन गाड्या

आरे दुग्ध वसाहत 1949 साली वसली. त्याच वर्षी इंग्लंडातील ॲबिंग्डनच्या कारखान्यात एम.जी. टी.सी. या चिमुकल्या स्पोर्ट्स कारचे उत्पादन थांबले. चार वर्षांत सुमारे दहा हजार गाड्या तयार झाल्या होत्या. गुजरातेतील हालोल येथे तयार होणाऱ्या आणि 2019 साली बाजारात आलेल्या हेक्टर या एस.यू.व्ही.च्या जाळीवरही तोच अष्टकोनी बिल्ला आहे. मॉरिस गॅरेजेसचे नाव तेवढे टिकले. मालक बदलले, देश बदलला, आणि गाडीकडून माणसाची अपेक्षाही बदलली.

आरेच्या चढउतारांच्या, झाडीने वेढलेल्या रस्त्यावर या दोघींची तुलना करण्याजोगी आहे. टी.सी.ची रुंदी 1.42 मीटर, हेक्टरची 1.83, लांबीत तर एक मीटरहून अधिक अंतर. टी.सी.चे वजन सुमारे 800 किलो, हेक्टरचे जवळपास दुप्पट. 1250 सी.सी.चे इंजिन, 54 अश्वशक्ती, लाकडी सांगाड्यावर ठोकलेला पत्रा, तारांची उंच चाके, पुढे आडवी पाडता येणारी काच. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. गाडी पुरती थांबल्याशिवाय तो नीट पडत नाही. बसायला दोघेच. आजी-आजोबा, मुले आणि सामान घेऊन पालिताण्याला निघायचे असेल, तर प्रश्नच मिटला. सीटबेल्ट नाही, एअरबॅग नाही, ब्रेक जुन्या ड्रम पद्धतीचे. सुरक्षिततेच्या कसोटीवर हेक्टर कितीतरी सरस आहे, यात वाद नाही.

व्यापाऱ्याचा हिशेब मात्र निराळा लागतो. विम्याच्या तक्त्यात नव्या गाडीची किंमत सहा महिन्यांनंतर 15 टक्के, आणि चार वर्षे उलटली की 50 टक्के उतरते. पेढीच्या नावावर घेतली तरी जी.एस.टी.चे इनपुट क्रेडिट सहसा मिळत नाही. जुनी गाडी या उतरंडीतून केव्हाच बाहेर पडलेली असते. पण सुटे भाग परदेशातून येतात आणि लाकूडकामाला जाणता सुतार लागतो. शिवाय 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नव्याने नोंदवायची, तर 20,000 रुपये शुल्क आणि रोजच्या वापराला मनाई. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. तिला गुंतवणूक म्हणणे हा बहुतेकदा हौसेला दिलेला सभ्य मुलामा असतो. बैठकही मुळात चामड्याची. जैन घरात ती बदलून रेक्झिन घालावे, तर अस्सलपणाच्या परीक्षेत गुण जातात. जाऊ द्यावेत.

खरा भेद रात्री जाणवतो. आरेत बिबट्याचा वावर आहे. उदमांजर, साप, बेडूक रस्ता ओलांडतात. वारली पाड्यांतील माणसे कडेने चालत घरी जातात. टी.सी.मध्ये चालक जमिनीपासून वीतभर उंचीवर बसल्यासारखा असतो. ताशी 40 किलोमीटरलाही वारा तोंडावर आपटतो, इंजिन ओरडते, प्रत्येक खड्डा पाठीला कळतो. आपण किती वेगात आहोत, हे त्याला काट्याकडे न पाहताही समजते. एस.यू.व्ही.च्या बंद, थंड, निःशब्द खोलीत ताशी 80 देखील संथ वाटतो. वजन दुप्पट, म्हणून त्याच वेगाला आघाताची ऊर्जाही दुप्पट. वेग दुप्पट झाला की ती आठपट. उंच बॉनेटच्या पुढ्यातले लहान मूल किंवा जनावर जवळून दिसतही नाही. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या 2023 च्या पाहणीत, चाळीस इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता तीस इंच वा त्याहून बुटक्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे 45 टक्क्यांनी अधिक आढळली.

आतील माणसांना जपण्यासाठी एस.यू.व्ही.त एवढी यंत्रणा भरलेली असताना बाहेरच्यांचा भार चालकाच्या पायावरच पडतो. सूर्यास्तानंतर आरेतून जावे लागलेच, तर वातानुकूलन बंद करून काच चार बोटे खाली घ्यावी, संगीत थांबवावे आणि काटा तिशीच्या आत ठेवावा. गोरेगावपासून पवईपर्यंत त्याने फार तर दहा मिनिटे अधिक लागतात.